शिकागोतले जॉन्सन मूळचे कुठले?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची शिकागोची कोणतीही शहर-डिरेक्टरी उघडावी आणि जॉन्सन या आडनावापाशी यावे. पान उलटले तरी जॉन्सन संपत नाहीत. जॉन जॉन्सन सुतार, जॉन जॉन्सन शिंपी, जॉन जॉन्सन मजूर, आणि पुन्हा जॉन जॉन्सन सुतार, फक्त रस्ता वेगळा. यातले बरेच जण स्वीडनमधून आलेले. आपले पणजोबा यांपैकी नेमके कोणते, हे ठरवायला निघालेला वंशज इथेच अडतो. अमेरिकेतले सरकारी कागद त्याला फारसा हात देत नाहीत. जनगणनेच्या तक्त्यात जन्मस्थळाच्या रकान्यात एकच नोंद असते, स्वीडन. नागरिकत्वाच्या कागदातही १९०६ पूर्वी बहुधा तेवढेच, वर स्वीडन आणि नॉर्वेचा राजा ऑस्कर याच्याशी असलेली निष्ठा सोडल्याची शपथ. गावाचे नाव नाही, जहाजाचे नाही, आईबापांचे तर नाहीच.

तरीही स्वीडिश पूर्वजांचा माग काढणे हे युरोपातल्या इतर बऱ्याच देशांतून आलेल्यांच्या मानाने सोपे मानले जाते. स्वीडनमध्ये माणसाची नोंद त्याच्या नावाभोवती नव्हे, तर राहत्या जागेभोवती ठेवली जाई. कोणत्या पॅरिशमधल्या, म्हणजे कोणत्या चर्चच्या कक्षेतल्या, कोणत्या गावच्या कोणत्या शेतवाडीवर हा माणूस राहतो, हे पाद्र्याच्या वहीत असे. समुद्र ओलांडताना लोकांनी नावे सहज बदलली, पण जन्मतारीख आणि पॅरिश सोबत नेली, आणि शिकागोत त्यांच्याच भाषेतल्या पाद्र्यांनी ती पुन्हा वहीत उतरवून घेतली. या दोन वह्यांमधले अंतर भरून काढणे म्हणजेच हा सगळा शोध.

नावांचा गुंता आधी समजून घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकात स्वीडनच्या खेड्यापाड्यांत कायमचे आडनाव ही चीज बहुतेकांकडे नव्हती. लार्स अँडरसनचा मुलगा युहान असेल तर तो युहान लार्सन आणि मुलगी अन्ना असेल तर ती अन्ना लार्सडॉटर. लग्न झाले तरी पाद्र्याच्या वहीत ती लार्सडॉटरच राही. त्यात सैनिकांची नावे निराळी. शेतवाड्यांचे गट मिळून एक सैनिक पोसत, त्याला झोपडी आणि जमिनीचा तुकडा देत. एकाच तुकडीत दहा अँडरसन झाले तर हुकूम देणार कुणाला? म्हणून सैनिकाला रास्क, मूडिग, शोल्ड अशी आखूड नावे दिली जात. पुढे त्याची मुले कधी ते नाव लावत, कधी बापाच्या नावावरून पडलेले. एका आईच्या पोटचे दोन भाऊ शिकागोत दोन वेगळ्या आडनावांनी वावरत असल्याची उदाहरणे म्हणूनच दुर्मिळ नाहीत.

अमेरिकेत आल्यावर युहानसन, यून्सन, यानसन हे सगळेच जॉन्सन झाले. मग गर्दी इतकी झाली की काहींनी त्या गर्दीतून मुद्दाम बाहेर पडायचे ठरवले. कवी आणि लिंकनचा चरित्रकार कार्ल सँडबर्ग १८७८ मध्ये इलिनॉयमधल्या गेल्सबर्गला स्वीडिश आईबापांच्या पोटी जन्मला. त्याचे वडील ऑगस्ट रेल्वेच्या लोहारखात्यात कामाला होते. आपल्या जुन्या नावाच्या इतरांशी घोळ होऊ नये म्हणून त्यांनी सँडबर्ग हे आडनाव घेतले, असे त्या घरात सांगितले जाई. अशा घरातला कुणी पणतू स्वीडनमध्ये सँडबर्ग शोधत बसला तर त्याला काय सापडणार?

शिकागोत स्वीडिश लोक तुरळक संख्येने १८४० च्या दशकापासून दिसतात. १८४६ मध्ये एरिक यानसन या धर्मोपदेशकाचे अनुयायी इलिनॉयमध्ये बिशप हिल ही सामूहिक वसाहत वसवायला निघाले. त्यांची वाट शिकागोवरून जात होती आणि काही जण पुढे न जाता तिथेच राहिले. स्वीडनमधल्या उप्सालाला शिकलेला गुस्ताफ उनोनियस १८४१ मध्ये विस्कॉन्सिनच्या पाइन लेकवर शेती करायला आला होता. शेती काही साधली नाही. तो पाद्री झाला आणि १८४९ मध्ये शिकागोत येऊन त्याने सेंट अन्सगारियस चर्च सुरू केले. पैशांची चणचण होतीच. तेव्हा सुप्रसिद्ध स्वीडिश गायिका येनी लिंड अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. उनोनियसने तिची गाठ घेतली आणि तिने चर्चसाठी १,५०० डॉलर दिले. १८५३ मध्ये लुथेरन पंथीयांचे इमॅन्युएल चर्च उभे राहिले आणि स्वीडनच्या स्मोलांड प्रांतातून आलेला अर्लंड कार्लसन त्याचा पाद्री झाला. पुढच्याच वर्षी कॉलऱ्याने या वस्तीत मोठे थैमान घातले. या पाद्र्यांची कामे प्रवचनापुरती नव्हतीच. नव्याने उतरलेल्यांना उतारा शोधून देणे, काम मिळवून देणे, आजाऱ्याला औषध आणि मेलेल्याला मूठमाती, सगळे त्यांच्याच गळ्यात.

खरा लोंढा आला तो १८६७ ते १८६९ च्या दुष्काळानंतर. आधी ओल्या हवेने पीक कुजले, मग कोरड्या उन्हाने करपले, आणि स्मोलांडच्या दगडाळ जमिनीत जे थोडेफार येत होते तेही आले नाही. १८५० ते १९३० या काळात सुमारे बारा लाख लोकांनी स्वीडन सोडले. १८८७ या एकाच वर्षात ४६ हजारांहून अधिक गेले.

त्यांचा प्रवास ठरलेला असे. गोथेनबर्ग बंदरातून आगबोटीने इंग्लंडच्या हल बंदरात, तिथून आगगाडीने आडवे लिव्हरपूलला, लिव्हरपूलहून मोठ्या जहाजाने न्यूयॉर्क आणि पुन्हा आगगाडीने शिकागो. दलालांनी गरिबांना फसवू नये म्हणून १८६९ पासून स्वीडनच्या सरकारने प्रवासाच्या करारांवर पोलिसांची देखरेख बसवली. प्रत्येकाचे नाव, पॅरिश आणि जाण्याचे ठिकाण गोथेनबर्गच्या पोलिसांकडे नोंदले जाऊ लागले. ज्या यादीचा हेतू दलालाला वचक बसवण्याचा होता, ती आज वंशज शोधणाऱ्यांच्या सर्वांत उपयोगाच्या साधनांपैकी एक आहे. त्या यादीत जाण्याचे ठिकाण म्हणून ‘शिकागो’ कितीदा लिहिले गेले आहे, हे पाहिले की या शहराची ओढ कळते. त्यात तिकीट पुष्कळदा शिकागोहूनच आलेले असे. आधी गेलेला भाऊ किंवा मामा पैसे भरून तिकीट पाठवी, सोबत पत्र. एक गेला की मागोमाग आणखी दोघे.

उतरल्यावर ते जात स्वीड टाउनला. शिकागो नदीच्या उत्तर शाखेच्या पूर्वेला, डिव्हिजन स्ट्रीटच्या दक्षिणेला दाटीवाटीने वसलेली ही लाकडी घरांची वस्ती. १८७० मध्ये शहरात स्वीडनमध्ये जन्मलेले सहा हजारांच्या वर लोक होते आणि त्यांतले बरेचसे इथे. भाषेची अडचण नाही, भाकरीची चव ओळखीची, चर्च हाकेच्या अंतरावर. ‘हेमलांडेट’ हे स्वीडिश वृत्तपत्र १८५९ पासून शिकागोतूनच निघत होते.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शहराला आग लागली आणि ती नदी ओलांडून उत्तरेकडे आली. स्वीड टाउन जळून खाक झाले. इमॅन्युएल चर्चसह स्वीडिश लोकांची चर्चे गेली. शहरात सुमारे ३०० माणसे मेली, एक लाख बेघर झाली. शिकागो ज्यात येते त्या कुक काउंटीचे न्यायालय जळाले आणि त्याच्यासोबत जन्म, मृत्यू, लग्न, वारसा आणि जमिनीचे तोवरचे सरकारी दप्तर गेले. १८७१ पूर्वीच्या शिकागोत कुणाचे लग्न कधी झाले, याचा सरकारी पुरावा म्हणूनच बहुधा मिळत नाही. जमिनीच्या बाबतीत मात्र दैव बलवत्तर ठरले. जमिनींच्या मालकीचे गोषवारे तयार करून विकणाऱ्या तीन खाजगी पेढ्यांच्या कारकुनांनी आपल्या वह्या पेटत्या शहरातून बाहेर काढल्या. पुढे शहरातली मालकी ठरवायला त्याच वह्या आधाराला आल्या. ज्या स्वीडिश सुताराने आगीपूर्वी जमिनीचा तुकडा घेतला होता, त्याचा पत्ता लागायचा तर तो तिथेच.

वस्ती पुन्हा उभी राहिली. इमॅन्युएलची नवी इमारत १८७५ मध्ये सेजविक आणि हॉबी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर झाली. शहर नव्याने बांधायचे होते आणि स्वीडिश सुतार, गवंडी कामाला चोख. पुढे त्यांच्यातूनच मोठे ठेकेदार निघाले. मिशिगन अव्हेन्यूवरची पांढरीशुभ्र रिग्ली बिल्डिंग बांधणाऱ्या कंपनीचा प्रमुख अँड्रू लँक्विस्ट स्वीडनमध्येच जन्मलेला. १८९० मध्ये शहरातल्या स्वीडनमध्ये जन्मलेल्यांची संख्या ४३ हजारांवर गेली. शतक संपता संपता, इथेच जन्मलेली त्यांची मुले धरली तर, स्टॉकहोमच्या खालोखाल सर्वांत जास्त स्वीडिश लोक शिकागोत राहत होते.

आणि नेमकी १८९० ची जनगणनाच हाती नाही. १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली, तीत ते कागद काही जळाले, काही भिजले आणि उरलेलेही पुढे नष्ट केले गेले. १८८० आणि १९०० या दोन जनगणनांमध्ये वीस वर्षांची पोकळी पडली. याच वीस वर्षांत सर्वाधिक स्वीडिश माणूस शिकागोत आला, लग्न करून मोकळा झाला आणि दोनचारदा घर बदलून बसला. ही पोकळी थोडीफार भरतात शहराच्या मतदार नोंदणीच्या याद्या. १८८८, १८९० आणि १८९२ या वर्षांच्या याद्यांत मतदाराचा पत्ता, जन्मदेश, शहरात किती वर्षे राहतो आणि नागरिकत्व कोणत्या न्यायालयातून मिळाले, हे सापडते. त्यात बायका नाहीत. त्यांना मतच नव्हते.

डिरेक्टरीतला पत्ता हाती आला की लोक उत्साहाने तो नकाशावर शोधायला जातात आणि भलत्याच ठिकाणी पोचतात. १९०९ मध्ये शिकागोने रस्त्यांवरच्या घरांचे क्रमांक मुळापासून बदलले. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जिथे छेदतात तिथे शून्य धरून, एका मैलाला ८०० क्रमांक या हिशेबाने सगळे शहर नव्याने मोजले. एडवर्ड ब्रेनन या माणसाने वर्षानुवर्षे पाठपुरावा करून ही व्यवस्था आणवली. पोस्टमनचे भले झाले. पण त्यामुळे त्याआधी डिव्हिजन स्ट्रीटवर ज्या क्रमांकाला जे घर होते ते आजच्या त्याच क्रमांकावर नाही. बरेच रस्ते नावानेही बदलले. जुन्या-नव्या क्रमांकांचे जे तक्ते तेव्हा छापले गेले, ते जवळ ठेवल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

या सगळ्या कागदांत सर्वांत जास्त हरवते ती स्त्री. शिकागोत आलेल्या अविवाहित स्वीडिश मुली मोठ्या संख्येने श्रीमंत घरांत मोलकरणी आणि स्वयंपाकिणी म्हणून लागल्या. स्वीडिश मोलकरीण ठेवणे ही त्या काळच्या घरमालकिणींना प्रतिष्ठेची गोष्ट वाटे. गावाकडे शेतावर वर्षाच्या कराराने राबण्यापेक्षा इथे पगार बरा, खोली आणि जेवण फुकट आणि गुरुवारची दुपार स्वतःची. त्यामुळे जनगणनेत ती स्वीड टाउनमध्ये दिसत नाही. ती दिसते सरोवराकाठच्या बंगल्यात, परक्या आडनावाच्या कुटुंबाखाली शेवटच्या ओळीत. डिरेक्टरीत तिला बहुधा जागा नाही. ती तिथे प्रथम येते ती नवरा वारल्यावर, ‘अमक्याची विधवा’ म्हणून. लार्सडॉटर हे नाव तर तिने जहाजातून उतरतानाच मागे टाकलेले असते. तिला शोधायचे तर चर्चच्या वहीकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही.

इमॅन्युएलसारख्या लुथेरन चर्चच्या सभासद-वह्या स्वीडिश भाषेत लिहिल्या जात, कित्येक ठिकाणी १९२० च्या दशकापर्यंत. पाद्री घरून शिकून आला होता तीच पद्धत त्याने इथे चालू ठेवली. प्रत्येक ओळीत पूर्ण नाव, जन्माची तारीख, महिना आणि वर्ष, जन्माची पॅरिश आणि प्रांत, अमेरिकेत कधी आला, या चर्चमध्ये कुठून दाखल झाला, आणि गेला असेल तर कुठे गेला. सरकारी जनगणनेने ‘स्वीडन’ एवढ्यावर जे भागवले ते इथे गावापर्यंत उतरलेले आहे. एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये जाताना दाखला घ्यायची सवयही त्यांनी सोडली नाही, म्हणून शहरातल्या शहरात हललेल्या कुटुंबाचाही माग लागतो. अर्थात सगळेच स्वीडिश लोक स्वीडिश चर्चांचे सभासद नव्हते. काहींनी चर्चची पायरी सोडली ती सोडलीच. त्यांच्यासाठी मग मृत्युलेख, थडग्यावरची अक्षरे, स्विथियोडसारख्या बंधुसंघांची दप्तरे धुंडाळावी लागतात. कधी माळ्यावर पडलेली, बाहेरून रंगवलेली लाकडी पेटी कामी येते. झाकणावर मालकाचे नाव आणि साल रंगवून घ्यायची रीत होती.

पॅरिश कळली की समुद्रापलीकडची वही उघडायची. १६८६ च्या चर्च कायद्याने स्वीडनच्या पाद्र्यांवर रयतेची धर्मज्ञानाची परीक्षा घेण्याचे बंधन घातले. पाद्री वस्तीवस्तीवर जाई, घरातल्या लहानथोरांना गोळा करी आणि प्रत्येकाकडून धर्मप्रश्नोत्तरी वदवून घेई. त्यासाठी ठेवलेली वही म्हणजे अक्षरशः गावाची जनगणना होऊन बसली. पानाच्या माथ्यावर शेतवाडीचे नाव. खाली पहिल्या ओळीत कुटुंबप्रमुख, मग बायको, मग मुले वयाच्या क्रमाने, त्यांच्याखाली म्हातारी आई, आणि तळाशी गडी आणि मोलकरीण. पुढच्या रकान्यांत जन्मतारीख, जन्माची पॅरिश, देवीची लस टोचली की नाही, वाचता किती येते, प्रश्नोत्तरी किती समजते, प्रभुभोजनाला कोणत्या दिवशी आला. शेराही असे, कधी पांगळा, कधी गुन्ह्याची शिक्षा झालेला. वाचनाचे गुण छोट्या रेघांनी आणि खुणांनी दिलेले. एकच वही पाच, दहा वर्षे वापरली जाई. माणूस मेला किंवा गेला की त्याच्या नावावर आडवी रेघ मारून शेवटच्या रकान्यात पाद्री जागा लिही, आणि तिथे उमटते ‘उत्तर अमेरिका’. काही पानांवर एका घरातल्या सातपैकी पाच ओळी अशा खोडलेल्या दिसतात, म्हातारा-म्हातारीच्या दोन तेवढ्या शिल्लक. दुष्काळाच्या वर्णनापेक्षा हे पान जास्त बोलते.

जाणाऱ्याने पाद्र्याकडून स्थलांतराचा दाखला न्यावा असा नियम होता. सगळ्यांनी तो पाळला नाही. लष्करी सेवा चुकवणारे, कर्जात बुडालेले, घरच्यांशी भांडून निघालेले कोपनहेगन किंवा नॉर्वेच्या बंदरातून गुपचूप सटकत. अशांची नावे काही वर्षांनी वहीच्या शेवटी, ठावठिकाणा नसलेल्यांच्या यादीत टाकली जात. शोधणाऱ्याने निराश होण्यापूर्वी हे शेवटचे पान जरूर पाहावे.

स्वीड टाउनमध्ये आज स्वीडिश असे काही उरलेले नाही. विसावे शतक उजाडता उजाडता तिथे सिसिलीहून आलेले इटालियन राहायला आले, आणि १९४० च्या दशकापासून त्याच भागात कॅब्रिनी-ग्रीनची सरकारी घरे झाली. स्वीडिश कुटुंबे आधीच उत्तरेला सरकली होती. आगीनंतर शहराच्या हद्दीत लाकडी घरांवर बंधने आली, म्हणून बेताच्या ऐपतीची माणसे हद्दीबाहेर लाकडी घर बांधू लागली. क्लार्क स्ट्रीट आणि फॉस्टर अव्हेन्यूच्या परिसरातले अँडरसनव्हिल त्यातूनच फुलले. तिथले एबेनेझर लुथेरन चर्च १८९२ चे. पुढे इमॅन्युएल चर्चही आपल्या माणसांच्या मागे १९२० च्या दशकात शेजारच्या एजवॉटर भागात गेले. चर्चने सभासदांच्या मागे जावे, हे शहराच्या इतिहासात मोठे अर्थपूर्ण आहे. कुटुंब १९०० मध्ये स्वीड टाउनमधून नाहीसे झाले असेल तर त्याला उत्तरेकडे चार-पाच मैलांवर शोधावे.

अँडरसनव्हिलमध्ये १९७६ साली स्वीडिश अमेरिकन म्युझियम सुरू झाले आणि त्याच्या उद्घाटनाला स्वीडनचे राजे कार्ल सोळावे गुस्ताफ उपस्थित होते. आज तिथे वंशावळ शोधणाऱ्यांसाठी मदतकेंद्र आहे. चर्चच्या वह्यांच्या सूक्ष्मफिती पाहायच्या तर रॉक आयलंडच्या ऑगस्टाना कॉलेजातले स्वेन्सन केंद्र गाठावे लागते. ते १९८१ पासून हेच काम करते. स्वीडनमधल्या पॅरिशच्या वह्यांचे चित्रीकरण तर युटामधल्या वंशावळ संस्थेने १९४८ मध्येच हाती घेतले होते, आणि फेब्रुवारी २०१८ पासून स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या वह्यांची पाने कुणालाही विनामूल्य पाहता येतील अशी सोय केली आहे. आज हा शोध घरबसल्या पुष्कळसा होतो. जुन्या स्वीडिश हस्ताक्षराची सवय करावी लागते, तेवढे कष्ट मात्र चुकत नाहीत.

नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे धरणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी घाई. शिकागोच्या वहीतली पूर्ण जन्मतारीख आणि पॅरिश, आणि त्या पॅरिशच्या वहीतली तीच तारीख, या दोन्ही जुळल्या तरच पुढे जावे. आणि एखादा माणूस डिरेक्टरीतून, जनगणनेतून, चर्चच्या वहीतून एकाएकी दिसेनासा झाला, तर तो मेला असे लगेच समजू नये. १८९३ च्या मंदीत शिकागोतली बांधकामे थंडावली आणि अनेकांनी परतीचे जहाज पकडले. एकंदरीत गेलेल्यांपैकी सुमारे पाचातला एक स्वीडनला परत आला. त्यांची नोंद त्याच पॅरिशच्या वहीत, आलेल्यांच्या यादीत असते, आणि कुठून आला या रकान्यात पाद्र्याने लिहिलेले असते, उत्तर अमेरिका.